मधला दाणा

बसवंतअप्पा प्लास्टिक चावून बघायचे. नवा माल आला की पोत्याच्या कोपऱ्यातून दोन दाणे काढायचे, दाढेखाली धरायचे, डोळे मिटायचे आणि भाजीत मीठ बरोबर पडल्यासारखं सांगायचे, "पीपी हाय. चांगलं हाय." पोत्यावरची चिठ्ठी ते वाचत नसत. लातूरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात मी स्टोअर आणि तपासणीच्या कामावर रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि वहीत नोंद केली : 'मिक्सरवरचे अप्पा माल तोंडात घालतात. बंद करणे.'

ती नोंद अजून वहीत आहे. पुढे 'झाले' ही खूण कधीच पडली नाही.

आमच्याकडे कॅरेट बनतात. टोमॅटोची, केळीची, दुधाच्या पिशव्यांची. एकाच जातीच्या प्लास्टिकचं कॅरेट आम्हाला चालत नाही. पीपी कडक असतं, ओझ्याखाली वाकत नाही, पण गारठ्यात तडकतं. एचडी चिवट असतं, आपटलं तरी फुटत नाही, पण थप्पी लावली की त्याच्या भिंती पोट काढतात. म्हणून दोन्ही मिसळायचे, आणि ते मिसळणं वीस वर्षांपासून अप्पांच्या हातात होतं. माणूस उदगीरचा. साठीच्या उंबरठ्यावर, कपाळाला विभूती, पुढचा एक दात खोटा. तो दात कामापायी गेला असं सगळे म्हणायचे. अप्पा म्हणायचे, "उसानं गेला. प्लास्टिक लई मऊ असतंय."

कुणी वाद घालायला आलं की त्यांचं एकच उत्तर होतं : "आधी आपटा, मंग बोला." एकदा हैदराबादहून एक विक्रेता आला. नवा दाणा, गुळगुळीत छापील कागद, त्यावर रंगीत आलेख. अप्पांनी मान डोलवत सगळं ऐकलं. मग त्या दाण्याचं नमुन्याचं कॅरेट उचललं, गोदामाच्या गच्चीवर गेले आणि खाली सोडलं. कॅरेटचे तीन तुकडे झाले. अप्पा वरूनच ओरडले, "साहेब, तुमचा कागद लई मजबूत हाय. कागदाचीच कॅरेट करा!"

त्यांचं माप मात्र माझ्या जिवावर यायचं.

"अप्पा, दुधाच्या कॅरेटला काय काय घालता?"

"पाच पोती पीपी, तीन पोती एचडी, आन् मधला थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

"लागंल तितका."

हा 'मधला' म्हणजे रबरासारखे मऊ, पारदर्शक दाणे. मी त्यांच्या नकळत त्यांचं घमेलं तीन वेळा वजन करून पाहिलं. तिन्ही वेळा मूठभराचाही फरक नव्हता. मग कार्ड केलं, तीन ओळींचं, आणि मिक्सरजवळ टांगलं. अप्पांनी ते दुरून पाहिलं, "अक्षर चांगलं हाय," म्हणाले आणि घमेलं उचललं.

एप्रिलच्या अखेरीस मधल्याची पोती यायला उशीर झाला. मी विचारलं, "हा नेमका कशासाठी घालता?" अप्पा गडबडीत होते, भाचीच्या लग्नासाठी उदगीरची एसटी गाठायची होती. "असू द्या हो मॅडम," एवढंच म्हणाले आणि आठ दिवसांसाठी गेले. 'असू द्या' हे कारण माझ्या कुठल्याच यादीत बसत नव्हतं. मी मधल्याशिवाय दहा कॅरेट काढून घेतली आणि अप्पांचाच नियम पाळला : आधी आपटली. गच्चीवरून दहाच्या दहा खाली सोडली. एकही फुटलं नाही. मी कार्डावरची तिसरी ओळ खोडली. त्या आठवड्यात नांदेडच्या एका डेअरीचा पूर्ण माल तसाच निघाला आणि अप्पा परतायच्या आत ट्रक गेलासुद्धा.

पंधरा दिवसांनी तो ट्रक तुटकी कॅरेट घेऊन परत आला. डेअरीच्या थंड खोलीत पहाटे थप्प्या उतरवताना कोपरे उडत होते आणि फरशीवर दूध वाहत होतं. शेठनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक तुकडा होता.

"अप्पा, हात चुकला न शेवटी? वय झालं. जूनमधे निवृत्त व्हायचंच हाय, तर तिथवर कशाला थांबता? उद्यापासून आराम करा."

अप्पांनी तुकडा उचलला. तुटलेल्या कडेला नख लावलं, तर कांद्यासारखा पापुद्रा निघाला. त्यांना तिथंच सगळं कळलं, हे मला दिसलं. पण त्यांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वीस वर्षांच्या कामावर जाता जाता डाग पडत होता आणि हा माणूस पापुद्रा बोटावर गुंडाळत उभा होता.

मी फाईल उघडून आत लावलेलं मिक्सरजवळचं कार्ड टेबलावर ठेवलं. "शेठ, अप्पा तेव्हा उदगीरला होते. कार्ड माझं आहे. तिसरी ओळ मी खोडली."

शेठनी कार्ड उचलून खोडलेली ओळ पाहिली. "तुम्ही? यादीवाल्या मॅडम?"

"हो."

"मंग आता दोघं मिळून निस्तरा."

बाहेर आल्यावर मला वाटलं अप्पा काहीतरी चांगलं बोलतील. ते म्हणाले, "घाई काय होती मॅडम? महिनाभर आंबे खाल्ले असते घरी बसून."

मग मिक्सरजवळ बसून त्यांनी प्रथमच 'असू द्या'चा अर्थ सांगितला. "पीपी आन् एचडी एका जातीचे दिसतेत, पर एकमेकाशी बोलत न्हाईत. साच्यात शेजारी बसतेत ते पाठ करून. उन्हात दोघं बी ढिले, भांडण दिसत न्हाई. गारठ्यात आखडले की पाठीपाठीतून तडा. मधल्याची दोघांकडं बी सोयरीक हाय. एक हात याच्या खांद्यावर, एक त्याच्या."

"मग मी आपटलं तेव्हा का नाही फुटलं?"

"लातूरचा मे महिना! या उन्हात कुणाचं काय फुटतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मधला घातलेल्या आणि न घातलेल्या मिश्रणाची सहा-सहा कॅरेट घेऊन बर्फाच्या कारखान्यात गेलो. तिथला मालक म्हणाला, "अप्पा, लोक इथून बर्फ नेतात. तुम्ही टोपल्या गार करायला आणल्या व्हय?" दुपारपर्यंत कॅरेट लाद्यांमधे ठेवली. आपटायची वेळ आली तेव्हा अप्पांनी हात मागे घेतले आणि कानडीतून नको नको केलं. "बेडा, बेडा. तुम्ही आपटा. तुमचा राग असंल." माझ्या मिश्रणाचं पहिलं कॅरेट दुसऱ्याच आपटीला गेलं. त्यांचं मी अकरा वेळा आपटलं. ते उडी मारून माझ्याच पायावर आलं.

मधला घालून काढलेला नवा माल घेऊन आम्ही दोघंही ट्रकबरोबर नांदेडला गेलो. अहमदपूरला अप्पांनी चहासाठी थांबायला लावलंच. डेअरीच्या थंड खोलीत त्यांनी स्वतः कॅरेट डोक्यावर धरून फरशीवर हाणली. तिथला सुपरवायझर धावला, "अहो काका, फोडता काय?" "तेच बघायलोय की!" अप्पा म्हणाले. एकही फुटलं नाही. मालाची पावती सुपरवायझरनं अप्पांच्या हातात दिली. त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. शेठना तिची झेरॉक्सच मिळाली.

जूनमधे ते जायच्या आधी मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसले. सगळी मिश्रणं, त्यांच्या तोंडून. या वेळी एक जास्तीचा रकाना आखला होता : 'कशासाठी'. प्रत्येक ओळीला मी विचारायचे, अप्पा सांगायचे. टोमॅटोच्या कॅरेटमधे पडणाऱ्या पावडरीच्या एका पुडीपाशी ते अडले. छताकडे बघून म्हणाले, "हे मी उगंच घालत आलो. खोडा."

मी ती ओळ लगेच खोडली नाही. आधी आपटून पाहिलं, तेही बर्फातून काढून. मग खोडली.

गेल्या डिसेंबरात उदगीरला काम निघालं तेव्हा त्यांच्या घरी गेले. सकाळची वेळ, चांगलाच गारठा. अप्पा अंगणात शाल पांघरून बसले होते, बुडाखाली आमचंच दुधाचं कॅरेट, पालथं. मला बघताच उठले, ते कॅरेट उचललं आणि अंगणातल्या शहाबादी फरशीवर दाणकन आदळलं. शेजारचं कुत्रं पळालं. कॅरेट दोनदा उडालं आणि लोळत माझ्या पायाशी आलं. अप्पांनी वाकून चारही कोपऱ्यांना नख लावून पाहिलं, मग ते माझ्यासाठी पालथं ठेवलं.

"हां. आता बसा."