नीलम्माचा जबाब

गडहिंग्लजच्या स्टँडमागच्या गल्लीत नीलम्माची खानावळ आहे. पाटी नाही. पाटी कशाला, असं ती उलट विचारते, भूक लागलेल्या माणसाला वास येतो की! सहा बाकं, दोन पंखे, त्यातला एक फिरतो. मी इथल्या ज्युनियर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. मूळचा पेठ वडगावचा, बायको नोकरीमुळे साताऱ्यात, म्हणून गेली सात वर्षं माझं दुपारचं जेवण नीलम्माकडे. या सात वर्षांत तिनं मला दोनदा बिनमिठाची आमटी वाढली आणि दोन्ही वेळा चूक माझीच ठरवली.

बाई पन्नाशी ओलांडलेली. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, हात कोपरापर्यंत पिठात. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. शिक्षण कन्नड शाळेत चौथीपर्यंत. गिऱ्हाइकांशी मराठीत भांडते, देवाशी कन्नडमध्ये. थोरली बहीण संकेश्वरला, लेक दानेश्वरी हुक्केरीला दिलेली, म्हणजे दोघी कर्नाटकात. इकडच्या लिंगायतांच्या घरांत हे असंच असतं, निम्मं गोत पलीकडं. नीलम्माच्या लेखी सीमा म्हणजे कंडक्टर बाईमाणसाचं हाफ तिकीट फुल करतो ती जागा. त्यावरून ती दर खेपेला कंडक्टरशी वाद घालते आणि दर खेपेला हरते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ इथंच आहे.

तीन वर्षांपूर्वी तिच्याकडे सादिकुल जेवायला यायला लागला. फरशी बसवायचं काम करणारा, बंगालमधल्या मालद्याकडचा, तिशीतला, अबोल. एका ठेकेदारानं चौघांना आणलं होतं, त्यातला हा एक. भाकरी त्याच्या घशाखाली उतरायची नाही आणि भात मात्र असा खायचा की नीलम्मा म्हणायची, "ह्यो भात खातोय का भाताची गादी करून झोपतोय?" पण त्याच्यासाठी पातेलं मोठं झालं, हेही खरं. एका रविवारी त्यानं तिच्या स्वयंपाकघरातली उखडलेली फरशी काढून नवी बसवून दिली आणि ओट्याखालच्या पाण्याला असा उतार दिला की थेंब उभा राहत नाही. पैसे घेतले नाहीत. नीलम्मा आल्यागेल्याला तो उतार दाखवायची, लोटाभर पाणी ओतून.

फरशी बसवताना दोघांचं घरचं बोलणं झालं. तो मोडक्या मराठीत, ही मोडक्या हिंदीत. त्याच्या आईची धाकटी बहीण नदीपलीकडच्या गावात दिलेली, आणि ते गाव दुसऱ्या देशात. नीलम्माला यात काही विशेष वाटलं नाही. तिनं त्याला विचारलं, "सणाला येती का?" तो म्हणाला, नाही येता येत. तेव्हा तिला फार वाईट वाटलं. तेव्हापासून त्याचा घरी फोन झाला की ही विचारायची, मावशी बरी आहे का?

आता आमच्याबद्दल. दुपारी एक ते दोन त्या खानावळीत एक संसद भरते. कोपऱ्यातला टीव्ही विषय देतो, आम्ही निकाल देतो. मुख्य सभासद तीन. बाळासो कांबळे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आवाज अजून इंजिनावर मात करणारा. चनबसाप्पा, नीलम्माचा दीर, अडत दुकानदार, जेवायला घरी जातो पण वाद घालायला इथं येतो. आणि मी. गेल्या वर्षी उन्हाळ्यात टीव्हीवर रोज एकच चाललं होतं, शेजारच्या देशातून चोरून येणारी माणसं आणि त्यांना हुडकून परत पाठवणं.

"तारेचं कंपाउंड घालायचं. करंट सोडायचा. विषय संपला," चनबसाप्पा म्हणाला.

"नदीत कुटं तार घालतोस?" बाळासो ओरडले. "आदी कामाला ठेवनाऱ्याला धरा! तुज्या बंगल्याची फरशी कुनी बसवली? ठेकेदाराला कागद इचारलंतास?"

"स्वस्तात करतोय म्हटल्यावर कोन इचारतंय?" चनबसाप्पानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

मग मी. मी अर्थातच शास्त्रशुद्ध बोललो. दोन्ही सरकारांनी मिळून ठराविक मुदतीचा कामाचा परवाना द्यावा, येणाऱ्याची नोंद व्हावी, मुदत संपली की त्यानं परत जावं. चोरून यायचं कारणच उरणार नाही. आणि जे आधीच आलेत त्यांची नुसत्या कागदांवरून पारख करू नये. कागद खोटे करता येतात. आजूबाजूच्या माणसांचे जबाब घ्यावेत, ती खरं सांगतात. बाळासोंनी मान डोलावली. मला बरं वाटलं.

"आन् तिकडं खायला न्हाय म्हनून आलेला असंल तर?" नीलम्मा तव्यावरूनच म्हणाली.

"त्याचं तेच्या सरकारनं बगावं, वैनी," चनबसाप्पा म्हणाला.

"बगत असतं तर आला असता व्हय?"

बाळासोंनी शेजारच्या बाकावर जेवणाऱ्या सादिकुलकडे मोर्चा वळवला. "काय पावनं, तू सांग. तू तर बॉर्डरचाच."

सादिकुलनं घास गिळला. "जो बिना कागज आया, उसको भेजो, काका," तो म्हणाला. "लेकिन पहले ठीक से पूछ लो." आणि पुन्हा भात कालवायला लागला. आम्ही हसलो. आज ते हसू आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

त्यानंतर आठवडाभरातच एका मंगळवारी सकाळी चौघांनाही पोलिसांनी साइटवरून चौकशीला नेलं. आम्हाला कळलं ते दुपारी, दोघंजण खानावळीत आले तेव्हा. साध्या कपड्यातले, सभ्य. एकानं वही उघडली. सादिकुल इथं जेवतो का, कधीपासून, माणूस कसा, घरचं काय सांगतो.

नीलम्मानं पदराला हात पुसले. तिला वाटलं आपल्या एका शब्दानं पोरगा सुटेल. तिनं जीव तोडून त्याची बाजू मांडली. "लई गुनाचा हाय साहेब. दारू न्हाय, तंबाकू न्हाय. घरी दर आटवड्याला फोन. कुटला चोर न्हाय, परका न्हाय, आमच्यातल्यावानीच हाय बगा. माजी अक्का संकेश्वराला दिलीया, तशी तेची मावशी बी पल्याड दिलीया. लई जीव हाय तिच्यावर, फोनवर खबर घेतोय की."

वहीवाला थांबला. "पल्याड म्हणजे?"

"नदीच्या पल्याड की. बांगलादेशात."

मी समोरच्या बाकावर होतो.  माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता की ही बाई आत्ता काय बोलून बसली. मी उठून म्हणायला हवं होतं, साहेब, मावशी तिकडं असणं म्हणजे हा तिकडचा असणं नव्हे. एवढंच वाक्य. मी वर्गात तासाला चाळीस मिनिटं बोलतो. पण मी गप्प बसलो, कारण माणूस सरकारी होता आणि मीही सरकारी पगारावर आहे.

त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं. 'सदर इसमाचे नातेवाईक बांगलादेशात असून त्याचा त्यांच्याशी संपर्क असल्याचे त्याने मला स्वतः सांगितले आहे.' शब्दाशब्दाला खरं. नीलम्मानं समाधानानं मान हलवली आणि खाली कन्नडमध्ये सही केली.

ते गेल्यावर बाळासो आले. मी त्यांना सांगितलं आणि ते जे ओरडले ते स्टँडपर्यंत गेलं असेल. "अगं अक्का, काय केलंस! त्यांस्नी तेवढंच पायजे हुतं!"

"मी खोटं काय बोलले?" नीलम्मा म्हणाली. तिला खरोखर कळत नव्हतं. मी समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग ओट्याला टेकून खालीच बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. सात वर्षांत पहिल्यांदा. बाळासो, मी आणि ती, तिघं पोलीस ठाण्यात विचारायला गेलो. बाकावर तीन तास बसलो. मग एका साहेबानं आत बोलावलं. नीलम्मा म्हणाली, "माजा जबाब परत द्या. मला तसं म्हनायचं नव्हतं."

"तुम्ही बोललात ते खोटं होतं का?"

"खोटं न्हवतं. पर तेचा अर्थ तसा न्हाय."

"अर्थ आम्ही लावत नाही बाई. कागद पुढं गेलाय. माणूसही पुढं गेलाय."

कुठं पुढं, ते त्यांनाही सांगता येईना. बाळासोंनी आवाज चढवून पाहिला, मग उतरवून पाहिला. मी कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ते वाचून आदरानं परत दिलं. ठेकेदाराचा फोन बंद. आमदारांच्या ऑफिसातल्या मुलानं सगळं लिहून घेतलं, नंतर त्याचाही फोन लागेना. चनबसाप्पानं वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, "आता गप ऱ्हा. उद्या आपल्याबी दारात येतील." तो घाबरला होता, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही, मीही घाबरलोच होतो. नीलम्मा मात्र दोन वेळा एकटी कोल्हापूरला जाऊन आली. कुणाच्या दारात गेली, काय बोलली, तिनं सांगितलं नाही. परत आली की पीठ मळायला बसायची.

तीन आठवड्यांनी तिच्या मोबाइलवर मालद्याहून सादिकुलच्या बायकोचा फोन आला. सादिकुलनं कधीतरी हा नंबर घरी देऊन ठेवला होता. बायको रडत होती. त्याला विमानानं, मग गाडीनं नेऊन सीमेवर पोचवलं आणि पलीकडं ढकललं. तो चालत चालत मावशीच्या गावी गेला, जिला त्यानं लहानपणी एकदा पाहिलं होतं. तिथंही तो परदेशी, तिथलेही लोक विचारतात, कागद दाखव. आजोबांच्या नावाची जमीन मालद्यात, मतदार यादीत नाव मालद्यात, बायको ते कागद पिशवीत घालून कचेऱ्या फिरते आहे. सरपंचानं पत्र दिलंय. वकील म्हणतो, वेळ लागेल.

तेव्हापासून ती दर दोन-चार दिवसांनी दुपारी फोन करायची. तिथं तिचं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. नीलम्मा फोन स्पीकरवर टाकायची, मी हिंदी समजावून द्यायचो. आमची संसद बंद पडली होती. टीव्ही चालू असायचा, विषय तोच असायचा, आम्ही खाली मान घालून जेवायचो. बाळासो एकदा म्हणाले, "कामाला ठेवनाऱ्याला धरा म्हनलं हुतं, पर ठेकेदारालाच आदी खबर लागली की." एवढंच.

परवाचा फोन वेगळा होता. बायको आधी नेहमीचं बोलली. पोराला ताप आहे, कोर्टाची तारीख पुढं गेली. मग म्हणाली, "दीदी, आप ही एक हो. वहाँ किसी ने पुलिस को खाला की बात बता दी. ये उधर से फोन पे बोलते हैं, ठेकेदार होगा. आपको पता है किसने बोला?"

मी नीलम्माला खुणेनं नको म्हणालो. अजिबात नको. काय फायदा आता? मी फोन घ्यायला हातही पुढं केला. तिनं तो दिला नाही.

"मैं बोली," नीलम्मा म्हणाली. "मैंच बोली."

पलीकडं पोराच्या खोकल्याचा आवाज आला. मग तिनं एकच शब्द विचारला, "क्यूँ?"

नीलम्मा माझ्याकडं बघायला लागली, मी हिंदीत काहीतरी जुळवून देईन म्हणून. मला एक वाक्य सुचलं नाही. तिनं स्पीकर बंद केला, फोन कानाला घट्ट लावला आणि कन्नडमध्ये भराभर बोलायला लागली. पलीकडच्या बाईला त्यातलं अक्षर कळणार नव्हतं. आणि पलीकडं आता कुणी नव्हतंही; ती स्पीकर बंद करत होती तेव्हाच फोन कट झाल्याचं मला पडद्यावर दिसलं होतं. मी तिला ते सांगितलं नाही.