आमची लांब गाडी

दादा संभाजीनगरला गेला होता उंच गाडी आणायला, आणि घेऊन आला लांब गाडी.

उंच गाडी म्हणजे हल्ली जानेफळपासून मेहकरपर्यंत ज्याच्या त्याच्या दारात उभी असते ती, पायरीवर पाय देऊन चढायची. दादाचं शेडनेट आहे, त्यात तो मिरची-टमाट्याचं बियाणं घेतो. काम बरं चाललं होतं. शिवाय वहिनीच्या बहिणीचे यजमान, म्हणजे दादाचे साडभाऊ, धाडहून त्यांच्या पांढऱ्या उंच गाडीतून आले की आमचं अंगण भरून जायचं, आणि ते गेले की अंगण एकदम रिकामं दिसायचं. आता आपल्याकडेही तशीच हवी, असं घरात सगळ्यांनी बोलून ठेवलं होतं. मी शेगावला शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले होते, म्हणून ती गाडी अंगणात शिरताना मला बघायला मिळाली.

गडद निळी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, आणि लांबच लांब. पुढून साधी कार वाटावी, पण मागे जिथे संपायला हवी तिथे संपतच नव्हती. छप्पर सरळ शेवटच्या काचेपर्यंत गेलेलं. आई ओवाळायला ताट घेऊन पुढे आली आणि चाकांजवळ थांबली. टिळा लावायला तिला कमरेत वाकावं लागलं.

शेजारचे काका फाटकापाशी उभे होते. ते म्हणाले, "बसेल हाये काय बे तुही गाडी? उठव ना तिले."

सगळे हसले, दादाही हसला. पण त्याचे डोळे गाडीवरच होते. संभाजीनगरच्या एका डॉक्टरची ती गाडी होती. जर्मन बनावटीची, आपल्याकडे फारशी न आलेली. दादाला ती नुसती एकदा चालवून बघायची होती. "चालवली, अन् मंग मले दुसरी गाडी दिसलीच नाई," तो म्हणाला. "परदेशात याले इस्टेट म्हणतात. इंजिन शर्यतीच्या गाडीचं, अन् मागं खाट मावंन इतकी जागा."

वहिनी हळूच मला म्हणाली, "खाट कोणाले न्यायची हाये?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं मला फिरवायला नेलं. सीटवर बसले म्हणण्यापेक्षा सीटमध्ये उतरले म्हणायला हवं. पाय पुढे लांब करून बसायचं, आणि रस्ता जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत. मेहकरपाशी आम्ही समृद्धी महामार्गावर चढलो. चढायचा रस्ता मोठं गोल वळण घेत जातो. मी सवयीनं दाराची मूठ धरली. पण अंगाला काही जाणवलंच नाही. बाहेरची बाभळीची रांग फिरली तेव्हा कळलं की आपण वळलो.

"पाह्य बाई," दादा म्हणाला. मी त्याची धाकटी बहीण, पण तो मला बाईच म्हणतो. "उंच गाडी वळणावर भाईर झुकते. माणूस दुसऱ्याच्या मांडीवर जाते. हिचं सगळं वजन खाली हाये. ही जमिनीले धरून राह्यते."

मग त्यानं पाय थोडासा दाबला. आवाज वाढला नाही, खोल गेला. विहिरीत कोणी बोललं तर येतो तसा. माझी पाठ आपोआप सीटला टेकली. रस्त्याकडेचे खांब सरकायचे थांबून एक सलग भिंत झाली. आणि आत, दादाच्या खिशातला पेनसुद्धा हलत नव्हता. काटा पाटीवरच्या वेगमर्यादेला पोचला तसा त्यानं पाय उचलला. देवळात गाभाऱ्याशी उभं राहिल्यावर जसं बोलावंसं वाटत नाही, तसं झालं होतं. माणसांनी लोखंडातून हे घडवलं, आणि ते आमच्या दारात उभं राहतं, हे मला खरंच वाटेना.

पण रोज काही समृद्धीवर जायचं नसतं. जानेफळच्या आसपास रस्ते आमचेच. गतिरोधकावर दादा गाडी तिरपी घालायचा, तरी तिचं पोट घासायचं, आणि तो आवाज आला की स्वतःलाच खरचटल्यासारखा तो ओठ चावायचा. पावसाळ्यात तर शेताच्या वाटेवर ती नेताच येईना. दादा तिला डांबरीवर उभी करायचा आणि चिखल तुडवत शेडनेटपर्यंत पायी जायचा. लग्नाकार्याला गेलं की उंच गाड्यांच्या रांगेत ती दिसायची नाही. मांडवातून बाहेर आलेले पाहुणे तिच्यावरून नजर टाकून पलीकडे बघायचे.

धाडचे साडभाऊ दर भेटीत छेडायचे. "गाडी कशी दुरून दिसली पायजे. तुमची तर तुरीच्या मागं दडते."

"दडते पण पळते," दादा म्हणायचा.

"पळायचं कोठी हाये आपल्याले? फाट्यापासून घरापरेंत त येयाचं."

त्या दोघांत भांडण नव्हतं, पण साडभाऊ म्हणत होते ते खरं होतं, आणि दादाला ते कळत होतं.

दिवाळीत मी पुन्हा घरी आले. भाऊबीज झाली होती, आणि साडभाऊ व वहिनीची बहीण मुक्कामाला होते. सकाळी आईनं अंगणात सडा टाकला आणि त्याच ओल्या सड्यावर तिचा पाय घसरला. मी आवाज ऐकून बाहेर आले तर ती कुशीवर पडलेली. ओरडत नव्हती. फक्त म्हणाली, "मले उचलू नका."

गावातले डॉक्टर लगेच आले. आईचा एक पाय बाहेरच्या बाजूला वळला होता आणि दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. त्यांनी हलकेच हात लावून पाहिलं आणि आम्हाला बाजूला घेतलं. "खुबा मोडलाय. इथे काही होणार नाही, संभाजीनगरला न्या. पण बसवायचं नाही, वाकवायचं नाही. सरळ झोपवूनच." त्यांनी रुग्णवाहिकेला फोन केला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेली होती, यायला बराच वेळ लागणार होता.

साडभाऊंनी आपली गाडी वळवली, मागचं दार उघडलं, सीट पाडल्या. सीट पडल्या, पण सपाट झाल्या नाहीत. मध्ये चढ राहिला. आणि तो सगळा मजला माणसाच्या कमरेइतका उंच. आईला एवढ्या वर उचलायचं, मग त्या चढावर सरकवायचं. डॉक्टरांनी मान हलवली.

दादानं लांब गाडीची डिक्की उघडली आणि मागच्या सीट पाडल्या. पुढच्या सीटच्या पाठीपासून शेवटच्या काचेपर्यंत एकच सपाट जमीन तयार झाली, आणि ती आमच्या गुडघ्याच्या थोडीच वर होती. आम्ही आतली गादी आणून टाकली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दोन्ही पायांच्या मध्ये उशी घालून पाय बांधले. मग फळीवर घेतलेल्या आईला चौघांनी न हिंदकळवता आत सरकवलं. चौघांत साडभाऊ होते. हात मोकळे झाल्यावर ते तिथेच उभे राहून त्या जागेकडे बघत राहिले.

मी आईच्या शेजारी अंग चोरून बसले. दादानं गाडी काढली.

महामार्गापर्यंतचा रस्ता मला अजून आठवतो. दादा बैलगाडीच्या चालीनं चालवत होता. तरी खड्डा आला की आईच्या तोंडून बारीक कण्हणं निघायचं, आणि आरशात दादाचे डोळे आमच्याकडे वळायचे. एका ठिकाणी पोट दणकन घासलं. दादानं ओठ चावला नाही. त्याला ते ऐकूच आलं नसावं.

मग तो गोल चढ आला, आणि आम्ही महामार्गाला लागलो.

कण्हणं थांबलं. मी घाबरून वाकून पाहिलं. आईचे डोळे उघडे होते, वर छपरातल्या काचेकडे लागलेले. दादानं वेग घेतला होता, पण गादीच्या कडेला ठेवलेल्या तांब्यातलं पाणी नुसतं चमकत होतं, सांडत नव्हतं.

थोड्या वेळानं आईनं विचारलं, "गाडी काऊन थांबवली व?"

"थांबली नाही आई. चालू आहे."

"लबाड नको बोलू. मले समजते."

"खरंच चालू आहे. सिंदखेडराजा मागे गेलं."

तेवढ्यात रस्त्यावरचा एक पूल आमच्या वरून गेला. तिला निजल्या जागेवरून त्याची खालची बाजू दिसली, मग पुन्हा आभाळ. थोड्या वेळानं आणखी एक. तिनं माझा हात धरला.

"पूल माह्यावरून जाऊन राह्यले," ती म्हणाली. तिच्या आवाजात दुखणं नव्हतं. लहान पोरीनं जत्रेत काही तरी पाहावं, तसा तो आवाज होता. "ढग पाह्य. ढगबी पळून राह्यले. अन् मी जागच्या जागी."

पुढे बसलेल्या दादाच्या मानेवर घाम होता. दोन्ही हात स्टेअरिंगवर, खांदे सैल. मी त्याला ट्रॅक्टर चालवताना पाहिलंय, माणसांवर ओरडताना पाहिलंय. असा त्याला मी कधी पाहिला नव्हता. मागच्या काचेतून साडभाऊंची पांढरी गाडी दिसत होती. माळावरचा वारा बाजूनं येत होता आणि ती उंच गाडी डावी-उजवीकडे हलत होती. जालन्याच्या पुढे ती मागे पडत पडत दिसेनाशी झाली.

दवाखान्याच्या दारात साडभाऊ नंतर पोचले. घामानं शर्ट चिकटला होता. दादाच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "म्या स्टेअरिंग आवळून धरेल होतं, साडभाऊ. अन् तुमची गाडी रोडले चिकटेल होती. आज म्या पाह्यली तुमची गाडी." त्या दिवसानंतर त्यांनी तिची थट्टा केली नाही.

आईचं ऑपरेशन झालं. खुब्याचा सांधा बदलला. दोन दिवसांनी तिला वॉकर देऊन उभं केलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज यायच्या. घरी सोडायच्या दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. बसताना गुडघा खुब्याच्या वर येता कामा नये. जिथे बसतील ती जागा उंच हवी."

दादानं लांब गाडी धुऊन पुसून पोर्चमध्ये आणून लावली. बाईंनी पुढचं दार उघडलं, सीटकडे पाहिलं. सीट त्यांच्या गुडघ्याला लागत होती.

"यात नाही चालणार," त्या म्हणाल्या.

दादानं सीट बटणानं जाईल तितकी वर घेतली. वर एक उशी ठेवली, मग दुसरी. आता उंची जमली, पण दुसऱ्या उशीवर मी बसून पाहिलं तर डोकं छपराला लागलं.

"आई, मंग आली तशीच निजून चाल," दादा म्हणाला. "मागं गादी हायेच."

वॉकर धरून उभ्या असलेल्या आईनं त्याच्याकडे पाहिलं. "नाई बाबा. आडवी येताना आली. आता गावात आडवी जाणार नाई. लोक काय समजतीन? मी बसूनच जाईन."

न्यायला साडभाऊही आले होते. ते गेले आणि आपली गाडी पुढे घेऊन आले. आई दाराकडे पाठ करून उभी राहिली, मागे सरकली, आणि सीट बरोबर तिच्या खुब्याशी आली. ती नुसती टेकली. बाईंनी पाय धरून आत वळवले. कुणाला उचलावं लागलं नाही.

मी आईबरोबर त्या गाडीत बसले. दादा मागून लांब गाडीत एकटा. परतीचा रस्ता तोच होता, पण मला तो ओळखू येईना. आमच्या गाडीतून मला फक्त दुभाजक आणि ट्रकची चाकं दिसायची. इथून दुभाजकाच्या पलीकडचं, कठड्याच्या पलीकडचं सगळं दिसत होतं. पिवळ्या फुलांची तूर, फुटलेला पांढरा कापूस, मध्येच एखादं तळं. आई खिडकीला चिकटून होती. गाडी झुलत होती, वळणावर आम्ही कलत होतो, आणि तिला त्याचं काही नव्हतं.

"एवढं मोठं हाये आपलं?" ती म्हणाली. "जनम गेला इथी, पण मले कधी दिसलंच नाई."

गावात शिरलो तेव्हा काच खाली घेऊन ती ताठ बसली. लोक पारावरून उठले, हात करू लागले. तीही हात करत राहिली.

त्यानंतर आईला तपासणीला न्यायचं म्हटलं की धाडहून साडभाऊंना बोलवावं लागे. ते आनंदानं येत, पण दादाला ते टोचायचं. त्यानं लांब गाडी विकायला काढली. बघायला माणसं यायची. दार उघडायची, आत उतरायची, आणि निघताना दार धरून "आई गं" म्हणत उठायची. कुणाची कंबर दुखायची, कुणाचे वडील म्हातारे, कुणाचं शेत आतल्या वाटेवर. दादा प्रत्येकाला म्हणायचा, "एक चक्कर तर मारून पाहा." चक्कर मारून आलेला प्रत्येक माणूस वळून वळून गाडीकडे बघायचा. एक जण तर उतरून बोनेटवर हात ठेवून उभा राहिला होता. पण घेत कोणी नव्हतं. शेवटी नागपूरचे एक निवृत्त फौजी आले. ते आधी खाली झोपून गाडीचं पोट बघून आले, घासल्याचे ओरखडे मोजल्यासारखे न्याहाळले, मग चालवली, आणि घेऊन गेले. आई काठी टेकत फाटकापर्यंत गेली होती.

संक्रांतीच्या सुमाराला दादानं उंच गाडी आणली, पांढरीच. दुसऱ्याच दिवशी तो आईला घेऊन शेताच्या त्याच वाटेनं थेट शेडनेटच्या दारापर्यंत गेला. पडल्यापासून तिनं शेत पाहिलं नव्हतं. गाडीत बसूनच तिनं जाळीतून मिरचीच्या ओळी पाहिल्या आणि मजूर बायकांशी हिवाळाभराच्या गप्पा मारून घेतल्या. वहिनी खूश होती. अंगण भरलं होतं. मलाही ती गाडी आवडते. चढते तेव्हा मीही जरा ताठ बसते. लोक उंच गाड्या का घेतात, हे मला आता कुणी सांगायला नको.

पुढे तपासणीला निघालो तेव्हा मीही सोबत होते. मेहकरपाशी तो गोल चढ लागला. दादानं सवयीच्या वेगानं गाडी वळणात घातली, गाडी बाहेरच्या अंगाला कलली, मी आईच्या खांद्यावर गेले, आणि त्यानं पटकन पाय उचलला.

"काऊन हळू केली रे?" आईनं विचारलं.

वळण पूर्ण झालं, रस्ता सरळ झाला, तेव्हा दादा म्हणाला, "आई, ही थे गाडी नोहे."