मामांनी चोख केलेलं सोनं

माझ्या मामांनी माझी पीएचडी जाळली.
चुलीत नव्हे. चांगल्या सोनारी भट्टीत, टाकणखार घालून.

परवा मामा गेले. आज तासगावात रक्षाविसर्जन झालं. आत्ताच साताऱ्याला परत आलेय. फोनवर एकेकाला सांगत बसायचं त्राण नाही. म्हणून इथंच लिहिते.

मामा गलाईवाले. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर जातात, तसे ते केरळात गेले. सराफांचं भेसळीचं सोनं घ्यायचं, तेजाबात विरघळवायचं, घाण काढायची, चोख करून परत द्यायचं. सगळं तरुणपण त्यात गेलं. बोटं कायमची पिवळी.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मामा धंदा मुलाच्या हवाली करून गावी परतले होते आणि मी सांगलीत रिसर्च करत होते.

विषय असा, की डीएनएच्या धाग्यावर सोन्याचे कण ओळीनं बसवायचे. दोऱ्यात मणी ओवतात तसे. फक्त इथं दोरा दिसत नाही आणि मणीही दिसत नाहीत. सोनं इतकं बारीक झालं की पिवळं राहत नाही. पाणी लाल होतं, कोकम सरबतासारखं. आमच्या डोळ्यांना दिसायचा तो तेवढा रंग.

मामांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी सोन्याची पोत, पर कुनाच्या गळ्यात न्हाई?"
"त्याची पुढं वायर होईल मामा. केसाहून कितीतरी बारीक."
"आन वीज जाईल त्यातनं?"
"जाईल की."
"हितं एवढ्या जाड तारेतनं येत न्हाई गं!"

पण सोनं त्यांनीच दिलं. स्वतःच्या अंगठीचा तुकडा तोडून, चोख करून, तेजाबात विरघळवून. पिवळ्या पाण्याची बाटली माझ्या हातात देताना म्हणाले, "सांडू नगंस म्हंजी झालं."

चार वर्षं गेली. कण धाग्यावर बसायचेच नाहीत, गोळा होऊन तळाशी काळे पडायचे. डीएनएची कुपी गाइडच्या परदेशातल्या मित्रानं पाठवलेली, ती संपत आली. अगदी शेवटी एक बॅच जमली.

तीन बाटल्या. लालभडक.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी पुण्याला नंबर लागला होता. फोटो निघाला की थीसिस.

आणि भर मे महिन्यात डिपार्टमेंटचा फ्रिज बंद पडला.

नात्यात जवळपास फ्रिज एकाच घरी, मामांच्या. एसटीनं बाटल्या मांडीवर धरून तासगावला नेल्या. मामा घरी नव्हते. मामींना बजावलं, हलवू नका, उघडू नका. आणि आठ दिवस साताऱ्याला आईकडं गेले.

परत आले तर मामा दारातच उभे. चेहरा नुसता फुललेला.

"शैले, बरं झालं मी बगितलं. तुझं सोनं पार नासलं हुतं."
"नासलं?"
"लाल पडलं हुतं की! मी दिलं तवा कसं पिवळं हुतं. कायतरी घाण मिसळली हुती त्यात. आटवलं, घाण जाळली, गाळलं. ह्ये बघ. गुंजभर बी कमी न्हाई."

तळहातावर मणी. ज्वारीच्या दाण्याहून बारीक, पिवळाधमक.

घाण म्हणजे माझा डीएनए.

मी न्हाणीत गेले आणि ओढणी तोंडात कोंबून रडले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही. मामींनी शिरा केला होता. बाहेर येऊन तो खाल्ला आणि म्हटलं, "छान झालं मामा."

ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या सोन्यातली घाण काढली, त्याला मी काय सांगणार होते?

कुपी संपली. फेलोशिप संपली. गाइड रिटायर झाले. माझं लग्न झालं आणि रहिमतपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पुढं एकदा वाचलं, कुणीतरी परदेशात तसलंच काम करून दाखवलंय. तो अंक मिटून ठेवला.

मामा मात्र प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तीच गोष्ट सांगायचे. "आमच्या शैलीचं सोनं नासलं हुतं, म्या वाचवलं!" लोक वाहवा करायचे. मी हसायचे. खरं सांगते, त्या हसण्यानं मी थकून गेले होते.

गेल्या आठवड्यात सांगलीला दवाखान्यात त्यांना पेज भरवत बसले होते. डोळे मिटूनच म्हणाले,
"शैले, तुला ते लाल पानीच पायजे हुतं न्हवं?"

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.
"कुणी सांगितलं?"
"कोन सांगतंय. तू पुन्यांदा सोनं मागाय आलीच न्हाईस. तवाच कळलं."
"मग सगळ्यांना ती गोष्ट का सांगत बसलात आवं?"
"वाटायचं, कवातरी भांडशील. भर मांडवात म्हनशील, मामा, गप बसा, माझं वाटुळं केलंत. तू आपली हसायचीस. लय जड जायचं गं."

मी चमचा वाटीत ठेवला.
मग म्हटलं, "वाटोळं केलंत मामा माझं."

डोळे उघडले. हसले.
"आत्ता कसं!"

दोघंही रडलो. नर्स रागावली.

परवा मामींनी तोंडात घालायला तुळशीपान मागितलं, सोनं मागितलं. तो मणी इतकी वर्षं माझ्या कुंकवाच्या डबीत होता. दवाखान्यातल्या त्या बोलण्यानंतर पर्समध्ये घेऊन फिरत होते. मीच घातला.

आज रक्षा गोळा करताना मामेभावाला तो लगेच सापडला. गलाईवाल्याचाच पोरगा तो. पाण्यात धुऊन माझ्यापुढं धरला. "ताई, हाय तसाच हाय बघ."

गुंजभरही कमी झाला नव्हता.

रक्षेबरोबर नदीत सोडला.

मामा, आपलं भांडण मिटलं. जावा आता निवांत.
तुमच्या शैलीचा शेवटचा नमस्कार.