कुरकुरणारा रूळ

कारखान्यात सगळे तिला वहिनीच म्हणत. खरं तर ती एकाच बाईची वहिनी होती, आणि त्या नणंदेशी तिचं बोलणं बंद होतं.

दोघी एकाच मागावर, एकाच फळीवर बसून गालिचा विणत. नक्षी जुनी होती. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी यंत्राच्या निर्जीव मालाला विटलेल्या कलावंतांनी 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' नावाची चळवळ सुरू केली होती, त्या वळणाची: गुंतलेल्या वेली, रुंद पानं, पानांआड पक्षी. अर्धी नक्षी आरशातल्यासारखी उलटी फिरे, म्हणून वहिनी रंग पुकारायची आणि नणंद ऐकून आपल्या बाजूला गाठी मारायची.

"दोन हिरवे, एक गडद निळा."

"हं."

एवढाच संवाद. नणंदेच्या गाठी सैल आहेत म्हणून वहिनीनं सगळ्यांसमोर तिचं एक अख्खं पान उसवायला लावलं होतं, तेव्हापासून हे सुरू होतं. घरी दोघींचे निरोप पोचवता पोचवता वहिनीच्या नवऱ्याचा पोस्टमन झाला होता.

गालिचा वर चढत गेला तशी फळीही चढली. काम संपत आलं तेव्हा वरचा रूळ, म्हणजे ज्याला ताण्याचे सगळे उभे धागे बांधलेले असतात ते जाड लाकूड, डोक्याच्या जरासं वर आलं होतं. त्या दिवशी दुपारी नणंद रंगांशिवाय पहिल्यांदा काही बोलली.

"वहिनी, रूळ कुरकुरतोय."

"इथे कुरकुरायची सवय दुसऱ्याच कुणाला आहे," वहिनी म्हणाली. "तीन करडे."

नणंदेनं करडा धागा ओढला. गाठ मारली.

थोड्याच वेळात वहिनीच्या बाजूला काडकन आवाज झाला. रुळाचा खांबातला सांधा फुटला आणि टोक खाली घसरलं. वहिनी अर्धवट उठली आणि तिनं रुळाखाली खांदा घातला. विचार करायला वेळच नव्हता. लाकूड खांद्यावर बसलं. ताण्याचे धागे रुळाला खाली ओढत होते. पायाखालची फळी वाकली.

मालकीणबाई धावत आल्या. "कापा! धागे कापा आधी! गालिचा गेला खड्ड्यात!"

नणंद तोवर उडी मारून खाली उतरली होती. कात्री तिच्या हातात होती.

"कापू नका, वन्सं," वहिनी दातांमधून म्हणाली.

एका बाजूला महिनोन् महिन्यांचं काम, दुसऱ्या बाजूला वहिनीची मान. सगळ्यांचे डोळे त्या कात्रीवर. नणंदेनं ती मालकीणबाईंच्या हातात दिली.

"मी सांगितलं की लगेच कापा. सुताराला हाक मारा," ती म्हणाली आणि हातोडी घेऊन खालच्या रुळाशी बसली. तिथल्या पाचरींवर ताणा आवळलेला होता. त्या एकदम काढल्या असत्या तर वरचं लाकूड हिसका देऊन कोसळलं असतं.

"वहिनी, डावी सैल करतेय."

"हं."

"भार वाढला?"

"नाही. कमी झाला."

"आता उजवी. पाय हलवू नका."

एकेक पाचर, हलक्या हातानं. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. शेवटी धागे ढिले पडले, सुतारानं रुळाखाली टेकू लावला आणि दोघा-तिघांनी मिळून तिला उतरवलं. तिचा हात खाली लोंबत होता.

दवाखान्यात नणंद जवळ बसली.

"तुम्ही सांगितलं होतंत," वहिनी म्हणाली.

"सांगितलं होतं."

वहिनीनं मान वळवली. "ते पान मी सगळ्यांसमोर उसवायला लावायला नको होतं."

"गाठी सैल होत्या खऱ्या," नणंद म्हणाली, "पण कानात सांगता आलं असतं."

वहिनीचा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. उरलेला गालिचा नणंदेनं दुसऱ्या एका विणकरणीला घेऊन पुरा केला. एका कोपऱ्यात वेल किंचित कलली. हातच्या कामात तेवढं चालायचं, म्हणत मालकीणबाईंनी तो तसाच पाठवला. वहिनी आता मागांसमोर खुर्चीवर बसून सगळ्यांना रंग पुकारते. आवाज खणखणीत आहे. नणंदेशी तिचं अजूनही फारसं पटत नाही, पण भांडण आता दोघी थेट करतात आणि नवरा निवांत जेवतो.