विमान दुसऱ्यांचं होतं

देवाचे अनुभव लिहिणाऱ्यांच्या गोष्टीत संकटात एक अनोळखी माणूस येतो, मदत करतो आणि मागे वळून पाहावं तर अदृश्य झालेला असतो. अशा गोष्टींवर माझा कधी विश्वास बसला नाही. मला जी बाई भेटली ती मागे वळून पाहिलं तेव्हाही तिथेच होती आणि डब्यातला चिवडा खात होती. तरी हे लिहितो आहे, कारण त्या दिवशी वाटलेली भीती खरी होती, आणि ती ज्या रीतीने उतरली तेही खरं आहे.

आमची एकुलती लेक परदेशात असते. तिच्या पोटात गाठ निघाली आणि ऑपरेशन ठरलं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "बाबा, आत जायच्या आधी आई उशाशी हवी." आई म्हणजे माझी बायको सुमन. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा पाय अधू झाला आणि वाचा गेली. म्हणजे पुरती गेली नाही. नागपूरजवळच्या कोराडीच्या देवीची आरती ती पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणते, पण तहान लागली तर 'पाणी' हा शब्द तिला सापडत नाही. पाठ असलेलं मेंदूत वेगळ्या ठिकाणी साठतं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. मला ते पटलंही. पण शब्द शोधताना तिच्या डोळ्यांत जी घबराट दिसे ती पाहवत नसे, म्हणून तिच्या वतीने मीच बोलत असे. डॉक्टरांशी, पाहुण्यांशी, भाजीवाल्याशी. तिला वांगी हवीत की दोडकी, हेही मीच सांगे.

तिकिटं जावयाने एका विमान कंपनीच्या वेबसाइटवर काढली. नागपूर ते दिल्ली त्याच कंपनीचं विमान. दिल्लीहून पुढे मात्र तिकीट या कंपनीचं, क्रमांकही हिचाच, आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं. हे तिकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मग पुढच्या विमानाची वेळ बदलल्याचा निरोप आला आणि माझी झोप उडाली. तिकीट विकणारे म्हणत, "कन्फर्म आहे, सर." विमान उडवणाऱ्यांच्या अ‍ॅपवर आमचा बुकिंग क्रमांक टाकला की असं बुकिंगच नाही, असं उत्तर येई. एकाच प्रवासाला दोन कंपन्यांचे दोन वेगळे क्रमांक असतात, हे बऱ्याच फोनांनंतर कळलं. सुमनसाठी व्हीलचेअर मागितली होती. ती एकांकडे नोंदलेली, दुसऱ्यांना पत्ता नाही. मी रोज भांडलो. शेवटी फोनवरच्या एका मुलीने काहीतरी खटपट केली आणि व्हीलचेअर दोन्हीकडे दिसू लागली. मी स्वतःवर फार खूश झालो.

निघायच्या आदल्या दिवशी कळमेश्वरहून माझी मेहुणी बेबी आली. तिने तिकिटांचे छापील कागद कोराडीच्या देवीच्या तसबिरीपुढे ठेवले आणि त्यांना हळदकुंकू वाहिलं.

"बेबी, त्यावरचे आकडे वाचता आले पाहिजेत गं," मी म्हणालो.

"वाचता येतीन. भाऊजी, काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले? एकडाव देवीले हात तरी जोडा."

"मी कंपनीला फोन केलाय."

"तुमच्या फोनले कोन इचारते! माह्या बहिणीले सुखरूप न्या म्हंजे झालं."

सुमन हसली. मी हात जोडले नाहीत. देवळांतल्या देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या वाचून वाचून माझे हात त्या बाबतीत जड झाले आहेत.

नागपूरच्या काउंटरवर सुमनला दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास मिळाले, मला फक्त दिल्लीपर्यंतचा. "तुमचा पुढचा दिल्लीत मिळेल," असं सांगितलं गेलं. दिल्लीत दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवरचा तरुण बराच वेळ कळफलक बडवत राहिला आणि म्हणाला, "मॅडमचं ठीक आहे. तुमचं नाव दिसतंय, पण तिकीट जोडलेलं नाही." व्हीलचेअरसाठी फोनवरच्या त्या मुलीने सुमनचं बुकिंग माझ्यापासून वेगळं काढलं होतं. वेळ बदलल्यावर सुमनचं तिकीट नव्याने निघालं, माझं जुन्या वेळेलाच चिकटून राहिलं. माझ्या भांडणाने सुमनची जागा पक्की झाली आणि माझी गेली.

"तिकीट त्यांनी दिलंय. दुरुस्त त्यांनीच करायचं," तो म्हणाला. पहिल्या कंपनीच्या खिडकीवर गेलो तर, "आमच्याकडे कन्फर्म दिसतंय. विमान त्यांचं आहे, तेच काय ते ठरवतील." मी या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होतो. दोघेही नम्र होते. नम्र माणसांशी भांडताही येत नाही. एकदा जाताना पाहिलं तर व्हीलचेअरवर बसलेली सुमन डोळे मिटून पुटपुटत होती. ती घाबरली की आरती म्हणते. तेव्हा, धावता धावता, मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणालो, देवी, माझं एवढं तिकीट नीट कर. दुसरं काही मागत नाही.

तिकीट नीट झालं नाही. पहिल्या कंपनीने शेवटी चूक मान्य केली तोवर विमान भरलं होतं. मला जागा मिळाली ती परवाची. ऑपरेशन सुमन पोचेल त्याच्या दुसऱ्या दिवशी होतं.

मी परत आलो तेव्हा सुमनच्या शेजारी एक जाडजूड, साठीची बाई बसली होती आणि दोघी मिळून आरती म्हणत होत्या. ती उठली. "नागपूरचे ना, भाईसाब? आरती ऐकली अन् समजली. आम्ही पण तिथलेच, जरीपटक्याचे, सिंधी. कपड्याचं दुकान आहे. शेजारी सगळे मराठी, नवरात्रात ऐकून ऐकून पाठ झाली." ती त्याच विमानाने मुलाकडे चालली होती, त्याच शहरात.

काउंटरवरचा तरुण म्हणाला, "सर, बंद करतोय. मॅडम जाणार आहेत का?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांना बोलता येत नाही. एकट्या कशा जातील?"

सुमनने डावा हात पुढे केला आणि माझ्या हातातला तिचा पासपोर्ट धरला. मी सोडेना. तीही सोडेना. मला दिसत होतं परक्या देशातलं इमिग्रेशन, काचेमागचा अधिकारी, त्याचे प्रश्न, आणि तिच्या डोळ्यांतली ती शोधाशोध. तिला परत पाठवलं तर? कुठे बसवून ठेवलं तर?

"भाईसाब, सोडा ना," ती बाई म्हणाली. "मी आहे ना. माझ्या पण गुडघ्याले त्रास आहे, मी पण खुर्ची मागून घेतली. दोघी मिळून जाऊ. आमचा देव झूलेलाल सब ठीक करेगा."

मी पासपोर्ट सोडला. सोडताना मनात कसलीही श्रद्धा नव्हती, फक्त दुसरा उपाय नव्हता. कदाचित पुष्कळांची श्रद्धा अशीच सुरू होत असेल. दोघींच्या खुर्च्या निघाल्या. मी मागे वळून पाहिलं तेव्हा त्या आत जायच्या फाटकाशी थांबल्या होत्या, बाई चिवडा खात होती आणि सुमनलाही भरवत होती.

विमानतळाजवळच्या खोलीत मी बसून राहिलो. जेवण आलं, तसंच परत गेलं. दुसऱ्या दिवशी जावयाचा फोन आला. विमान उतरलं होतं, सगळे बाहेर आले होते, आई आल्या नव्हत्या. त्यानंतरचा वेळ मला सांगता येणार नाही. मी देवीकडे काही मागितलंही नाही. मागायचं काय, तेच सुचत नव्हतं. पलंगाच्या कडेवर बसून, लहानपणी ऐकलेली ती आरती म्हणायला लागलो आणि अर्ध्यावर विसरलो.

मग पुन्हा जावयाचा फोन आला. पलीकडून मोठ्ठा आवाज आला, "भाईसाब, आम्ही दोघी बाहेर आलो!"

झालं ते असं. अधिकाऱ्याने त्या बाईला पुढे जायला सांगितलं आणि सुमनला प्रश्न विचारायला लागला. बाई पुढे जाईना. "ही माझी बहीण," म्हणाली. पासपोर्टवर आडनावं निराळी, देवांची गोष्ट निघाली असती तर तेही निराळे. त्याला संशय आला. त्याने सुमनलाच विचारलं, का आलात? सुमनने खूप वेळ घेतला. बाईने मध्ये एक शब्द घातला नाही, हे ती मला मुद्दाम सांगत होती. आणि मग सुमन म्हणाली, "लेक." पोटावर हात ठेवला आणि पुन्हा म्हणाली, "लेक." बाईने त्याचा अर्थ सांगितला. त्याने दुभाषी बोलावला, कागद पाहिले आणि सोडलं.

डॉक्टर म्हणतात, असे शब्द हळूहळू परत येतात. येत असतील. मी वाद घालत नाही. मी हाक मारली कोराडीच्या देवीला आणि आली जरीपटक्याची झूलेलालवाली. वरच्यांचे आपसांत काय करार असतात ते मला ठाऊक नाही. पण इतकं कळलं की मी मागितलं होतं ते माझं तिकीट, आणि पोचायचं होतं सुमनला. माझं तिकीट दुरुस्त झालं असतं तर त्या काचेसमोर मीच बोललो असतो, आणि तो शब्द तिच्या आतच राहिला असता. माझी प्रार्थना नाकारली गेली, त्याबद्दल मी आज हात जोडतो. आता ते जड वाटत नाहीत.

परवाच्या विमानाने मी पोचलो. ऑपरेशन पार पडलं होतं, गाठ साधी निघाली होती. जावयाने थेट इस्पितळात नेलं. लेक झोपली होती. तिच्या उशाशी सुमन बसली होती, एक हात तिच्या कपाळावर. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली, प्रवास कसा झाला, काय काय झालं. सुमनने दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

मी गप्प झालो आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो.