चुकलेली कविता खोडायला पाथर्डीला

पाथर्डीला लोक मोहटादेवीच्या दर्शनाला जातात. मी गेलो माझी एक कविता खोडायला.

नागरिकशास्त्र शिकवताना मी धड्यांच्या कविता करत असे. संसदेवरची अशी होती:

दोन्ही सभागृहांची जेव्हा जुळत नाही मती,
एकत्र बसुनी करती तेव्हा घटनादुरुस्ती.

यमक झकास, माहिती चूक. निवृत्तीनंतर ते लक्षात आलं, पण मी गप्प बसलो. गेल्या आठवड्यात पाथर्डीत क्लास चालवणारी माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा फोनवर म्हणाली, "सर, माझ्या क्लासच्या पोरी तुमचीच कविता म्हणतात. रविवारी भरतीची परीक्षा आहे." तेव्हाही जीभ रेटेना. म्हणून निघालो.

नगरहून सकाळची एसटी धरा. दीड तास लागतो. पंचाहत्तरीनंतर तिकीट नाही, आधारकार्ड मात्र हवं.

"बाबा, गानं नंतर म्हना, कार्ड दावा आधी," कंडक्टर म्हणाला.

करंजी घाटाच्या वळणावळणाला मी नवं यमक शोधत होतो. उन्हात डोंगर फिके दिसत होते. यमक सापडलं नाही.

क्लास स्टँडपासून दहा मिनिटांवर. बारा मुलींनी मला कविता म्हणून दाखवली. संपल्यावर मी फळ्यापाशी गेलो. "चुकलं माझं," म्हणालो. साधं विधेयक एका सभागृहानं मंजूर केलं आणि दुसऱ्यानं फेटाळलं, बदलांवर एकमत झालं नाही किंवा ते सहा महिन्यांहून जास्त रखडलं, तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. धनविधेयकाला ती नाही. घटनादुरुस्तीलाही नाही, ती दोन्ही सभागृहांनी वेगवेगळी मंजूर करायची.

"हे गाता येत न्हाई, सर," वैशाली नावाची मुलगी म्हणाली. "अन् जुनी चाल तर लई चिकटलीय."

स्टँडजवळच्या खानावळीत पिठलं-भाकरी चांगली मिळते, ठेचा जपून घ्या. चूक मला निवृत्तीनंतरच कळली होती, हे मी समोर बसलेल्या सुनंदाला सांगितलं. ती जेवली नाही.

"आठ वर्षं मी हेच शिकवलं, सर. तुम्हाला ठाऊक होतं. एक फोन करायचा होता."



रविवारी संध्याकाळी घरी वैशालीचा फोन आला. परीक्षेत त्यावरच प्रश्न आला होता. "पयली तुमची कविताच आठवली, सर. मंग तुमी फळ्यापशी कसं उभं हुता ते आठवलं. बरोबर उत्तर लिवलं." सुनंदाताई जुन्या मुलींना एकेक फोन करतायत, हेही तिनं सांगितलं.

त्या मुलींची निम्मी यादी मी सुनंदाकडून मागून घेतली. आज सहा जणींना सांगून झालं.