पाणी का गेलं हे लिहिणारा माणूस

एकोणीसशे एकाहत्तर साली मी डोंगरपट्टा पाणीमंडळाच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा ऑस्विन स्कीट तिथे आधीपासूनच होता. वय सव्वीस, उंच, किडकिडीत, आणि बार्बाडोसच्या उन्हातसुद्धा शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावणारा. त्याच्याकडे एक काम असं होतं जे दुसऱ्या कुणालाच नको होतं. आमच्या टेकड्यांवरच्या चौदा गावांपैकी कुठेही पाणी गेलं, की ते का गेलं याची सूचना त्याने लिहायची. मी ती टाइप करायची आणि दुपारी रेडिओवाल्यांना फोनवर वाचून दाखवायची. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दहा कमी असताना, मयतांच्या बातम्या संपल्या रे संपल्या, की ती घराघरांतल्या भिंतीवरच्या रेडिओच्या पेटीतून ऐकू यायची.

सूचनेचा साचा आमचे साहेब मिस्टर ब्लॅकेट यांनी घालून दिला होता. 'ओइंग टू अनफोरसीन सर्कमस्टन्सेस', म्हणजे अनपेक्षित परिस्थितीमुळे, अमुक गावी पाणी येणार नाही, तसदीबद्दल मंडळ दिलगीर आहे. साहेब इंग्रजीच्या बाबतीत कडक होते. 'ओइंग टू' आणि 'ड्यू टू' या दोहोंचा अर्थ 'मुळे' असाच होतो हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण वाक्याची सुरुवात 'ड्यू टू'ने करणारा माणूस जेवायच्या आधी हात धूत नसणार, असं साहेबांचं मत होतं.

चार वर्षं ऑस्विनने गावाचं नाव तेवढं बदलून हेच लिहिलं. मग एका शनिवारी त्याच्या आईने त्याला धरलं.

मिसेस अर्डिना स्कीट लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून द्यायच्या. पाणी गेलं की त्यांचं काम अडायचं, आणि रविवारी चर्चमध्ये बायका त्यांनाच घेरायच्या, की बाई, सूचना तुमचा मुलगा लिहितो ना, मग सांगा आम्हाला. त्या दिवशी ऑस्विन पुडिंग आणि साऊस, म्हणजे लिंबात मुरवलेलं डुकराचं मांस, खायला बसला, तेव्हा त्यांनी ताटली त्याच्यापुढे ठेवली, पण काटा हातातच धरून ठेवला.

"ही परिस्थिती म्हणजे कोण रे?" त्यांनी विचारलं. "राहते कुठे?"

ऑस्विन म्हणाला, तसं लिहायची पद्धत आहे.

"दर मंगळवारी येते ती. मग मंगळवारी तिची अपेक्षा ठेवायला तुमचं काय जातं?"

हा प्रश्न त्याला लागला. सोमवारी त्याने मला सांगितलं, की चार वर्षांत आपण एकदाही फुटलेला नळ बघितलेला नाही. मंगळवारी चेरी हिलचं पाणी गेलं तसा तो छत्री घेऊन पायी चढून वर गेला. तिथे त्याला दिसलं, की रस्त्याकडेला जमिनीतून वर आलेल्या आमच्या व्हॉल्व्हला कुणीतरी बैल बांधतं, आणि बैल दोराला हिसका देत देत व्हॉल्व्ह पिळून काढतो. बैल कुणाचा ते विचारून तो परत आला आणि त्याने सरळ लिहिलं: चेरी हिलचे मिस्टर डार्नली बॉइस यांच्या बैलामुळे पाणी येणार नाही. साहेब त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. मी टाइप केलं.

सकाळी वाचणारा निवेदक 'बैल' शब्दापाशी एक क्षण थांबला आणि मग त्याने तो जरा मोठ्याने वाचला. आमची अख्खी गल्ली खिडक्यांतून हसत होती.

नऊ वाजता डार्नली बॉइस कचेरीत हजर. काळा सूट, हातात हॅट. मला वाटलं आता हाणामारी होणार. पण तो शांतपणे बसला आणि म्हणाला, नाव घेतलंत त्याबद्दल माझी तक्रार नाही, माझ्या आत्याने नवा रेडिओ घेतल्यापासून प्रथमच तिला त्यात घरचं माणूस ऐकू आलं. तक्रार 'मुळे'बद्दल आहे. बैल गरीब आहे. बसचा भोंगा वाजतो म्हणून तो बुजतो. तेव्हा कारण बस.

ऑस्विनला ते पटलं. त्याने दुरुस्ती दिली. दुसऱ्या दिवशी बसचा ड्रायव्हर आला. भोंगा तो हौसेने वाजवत नव्हता. मंगळवारी पिलग्रिम चर्चच्या बायका डफ वाजवत रस्त्याच्या मधून चालतात म्हणून वाजवत होता. पुन्हा दुरुस्ती. मग त्या चर्चच्या पाद्रीबाबांचं चार पानी पत्र आलं. त्यात त्यांनी कारणांची साखळी मागे मागे नेत थेट आदमपर्यंत नेऊन पोचवली होती. ऑस्विनने ते दोनदा वाचलं, फाइलला लावलं आणि समासात लिहिलं, 'मंडळाच्या हद्दीबाहेर'.

तोवर साहेबांचा दात निघाला होता. त्यांनी ऑस्विनला आत बोलावलं. यापुढे कुठल्याही माणसाचं किंवा जनावराचं नाव सूचनेत येता कामा नये, असं त्यांनी सांगितलं.

"मग कारण लिहू की नको, सर?"

"कारण लिही," साहेब गालावर हात धरून म्हणाले. "पण कुणाचं लिहू नकोस."

तिसऱ्या दिवशी ऑस्विनने लायब्ररीतून इंग्रजी व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि 'मुळे' सांगायच्या जेवढ्या तऱ्हा त्या भाषेत आहेत तेवढ्या एका कागदावर उतरवल्या. मग प्रत्येकीला त्याने एकेक काम वाटून दिलं. पाऊसवाऱ्याने काही झालं तर 'ओइंग टू'. पाइप आपोआप गंजून फुटला तर 'ड्यू टू', अर्थात वाक्याच्या मधोमध, साहेबांचा मान राखून. शेजाऱ्यांच्या भांडणात नळ तुटला तर 'अरायझिंग आउट ऑफ', म्हणजे अमक्यातून उद्भवलेलं. कुणा बड्या माणसाची बाग भिजवायला पाणी वळवलं तर 'ऑन अकाउंट ऑफ', म्हणजे अमक्याच्या खातर. आणि चूक आमच्या मंडळाची असेल तर नुसतं 'थ्रू'. तो शब्द सगळ्यांत छोटा म्हणून मंडळाला दिला, असं तो म्हणाला.

नाव कुठेच नव्हतं, त्यामुळे साहेब सही करत गेले. लोकांना मात्र त्यातली खूण उमगायला तीन आठवडे लागले. चेरी हिलच्या रमच्या दुकानात कुणीतरी कुठल्या शब्दाचा अर्थ काय याची यादी खडूने फळीवर लिहून ठेवली. सकाळी सार्वजनिक नळावर बायका बादल्या घेऊन उभ्या असायच्या. "आज उद्भवलंय गं," एकजण म्हणायची. "म्हणजे दोघं आहेत. कोण कोण?" आणि नऊच्या आत दोघांची नावं निघालेली असायची. एका वर्षात टेकड्यांवरची नळांवरची भांडणं जवळजवळ बंद झाली. उद्भवायची लोकांना लाज वाटू लागली.

एकदा मात्र रेडिओवर नवा निवेदक आला आणि त्याने, अर्थ तोच म्हणून, 'ऑन अकाउंट ऑफ'च्या जागी 'ड्यू टू' वाचून टाकलं. फुटलेला पाइप शोधत अर्धं गाव दिवसभर फावडी घेऊन हिंडलं. ऑस्विन संध्याकाळच्या बसने ब्रिजटाउनला गेला आणि त्या पोराला त्याने तासभर समजावून सांगितलं. बिचाऱ्याने पुढे तिथलं काम सोडलं, पण त्याला इतर कारणंही होती म्हणतात.

मग चौऱ्याहत्तरचा मार्च आला. पावसाचा पत्ता नाही, जमीन भेगाळलेली, आणि त्यात एकदम सहा गावांचं पाणी गेलं. तीन दिवस फिटर मोठ्या पाइपलाइनच्या कडेने खणत होते. चौथ्या दिवशी त्यांतला एक फिटर कचेरीत आला, ऑस्विनकडे बघून घुटमळला आणि मग माझ्याकडे बघत बोलला. पाइपच्या सांध्यात झाडाची मुळं शिरली आहेत. झाड नीरफणसाचं. मिसेस अर्डिना स्कीट यांच्या अंगणातलं.

झाड ऑस्विनच्या वडिलांनी लावलेलं. वडील तो सहा वर्षांचा असताना गेले.

मी मशीनमध्ये कागद घातला आणि थांबले. ऑस्विन पेन्सिलीला टोक करत बसला. टोक झालेलं होतं तरी करत राहिला. शेवटी मीच म्हणाले, "ओइंग टू लिही. पाऊसवाऱ्यावर जाईल."

"पाऊस पडलाय कुठे, आयन्थी?"

त्याने लिहिलं. अमुक सहा गावांत पाणी नाही, आणि याचं मूळ मिसेस अर्डिना स्कीट यांच्या अंगणातल्या नीरफणसाच्या झाडात आहे. त्यासाठी त्याने 'स्टेमिंग फ्रॉम' वापरलं, जे आजवर कुणालाच दिलेलं नव्हतं. मी नावाकडे बोट दाखवलं. नावं घालायला बंदी होती. तो म्हणाला, इतरांची नावं लपवायची आणि आईचंही लपवायचं हे बरोबर आहे, पण मग लोक म्हणतील घरचं म्हणून लपवलं. त्या दिवशी साहेब घाईत होते. न वाचता सही झाली.

दुसऱ्या दिवशी साडेआठलाच मिसेस स्कीट आल्या. डोक्यावर चर्चची जांभळी हॅट, हातात पर्स. मुलाच्या टेबलाशेजारून त्या अशा गेल्या जसं तिथे कपाट ठेवलंय. साहेबांच्या खोलीचं दार त्यांनी उघडं टाकलं, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं.

"झाड माझ्या नवऱ्याने लावलं छत्तीस साली," त्या म्हणाल्या. "तुमचा नळ आला एक्कावन्न साली. आता सांगा साहेब, कोणामुळे कोण?"

साहेब म्हणाले, की नकाशे बघावे लागतील.

"बघा ना. नळ जायचा होता रस्त्याने सरळ. मंडळाचा सर्व्हेअर आला होता, तेवीस-चोवीसचा असेल. त्याला ऊन लागायचं. सावलीत बसून काम करता यावं म्हणून त्याने ती रेघ माझ्या अंगणातून वळवली. सोळा दिवस तो त्या झाडाखाली जेवला. मी माझ्या हाताने भाजलेला नीरफणस आणि खारा मासा वाढलाय त्याला. अजून ओळखते मी त्याला. टक्कल पडलंय तेवढं."

मग साहेबांचा आवाज आला, एरवीपेक्षा बराच हळू.

"लोणी फार छान घालायचात तुम्ही."

त्या दुपारी साहेबांनी स्वतः दुरुस्ती सांगितली आणि ऑस्विनने लिहून घेतली. पहिलं वाक्य तीनदा खोडलं. कुठला शब्द घालावा याचा विचार करत साहेब खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले. शेवटी साहेब म्हणाले, "'थ्रू' घाल. माझ्या बायकोला ठाऊक आहे त्याचा अर्थ. मलाही आहे." एक्कावन्न साली मंडळाच्या सर्व्हेअरने केलेल्या चुकीतून, असं ते वाक्य झालं. सर्व्हेअरचं नाव घालायचं का, असं ऑस्विनने विचारलं. साहेबांनी मान डोलावली आणि नावाचं स्पेलिंगही सांगितलं, दोन 't' म्हणून.

ती सूचना लागली त्या सकाळी साहेब नेहमीप्रमाणे पायी कचेरीत आले. वाटेत लोकांनी नेहमीपेक्षा जास्त हॅटी उचलल्या, असं ते मला म्हणाले. याचं काय करावं हे त्यांना समजत नव्हतं.

पण आमच्या ध्यानात एक गोष्ट आलीच नव्हती. मिसेस स्कीट यांचं नाव पेटीतून ऐकू आलं ते मयतांच्या यादीला लागून. त्यांची थोरली बहीण ऑगस्टा ब्रिजटाउनला राहायची, कानाने जरा मंद. तिने 'मिसेस अर्डिना स्कीट' एवढं ऐकलं आणि पुढचं ऐकायला थांबलीच नाही. दोघी बहिणी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. ऑगस्टाबाईंनी काळे कपडे शिवायला टाकले, पांढऱ्या फुलांचं चक्र करायला दिलं, आणि तिसऱ्या दिवशी दहाच्या बसने रडत रडत आल्या. फाटकातून आत शिरल्या तर मयत दोरीवर चादरी वाळत घालत होती.

त्या दिवशी ऑस्विन रजेवर होता, पाइपलाइन रस्त्याकडे वळवायचं काम अंगणात चाललं होतं म्हणून. त्याने मला सांगितलं, की मावशी फुलांचं चक्र हातात धरून उभी राहिली आणि आई तोंडातला चिमटा न काढता तिच्याकडे बघत राहिली. शेवटी आईने चिमटा काढला आणि विचारलं, "जेवलीस का?"

ऑगस्टाबाई आठवडाभर राहिल्या. ते चक्र त्यांनी फुलं सुकेपर्यंत दारावर टांगून ठेवलं, फेकवेना म्हणून. रोज संध्याकाळी दोघी व्हरांड्यात बसून अकरा वर्षांपूर्वीचं भांडण नेमकं कशामुळे झालं ते शोधून काढायच्या. एकीच्या मते ते ओव्हनच्या भांड्यामुळे होतं, दुसरीच्या मते एका लग्नाच्या टोपीमुळे, आणि मग दोघींच्याही लक्षात यायचं की टोपी आणि भांडं दोन्ही त्या भांडणानंतरची आहेत. ऑस्विन पायरीवर बसून ऐकायचा. एकदा त्याने मध्येच तोंड उघडलं, तशी आईने त्याला आत जाऊन चुलीवरचं कूकू, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, ढवळायला सांगितलं, आणि तो मुकाट्याने गेला.